बालकाचा बाप्तिस्मा आणि त्याची पूर्वतयारी : कॅथलिक परंपरेतील पालकांच्या उत्तरदायित्वाचा विचार

सारांश

कॅथलिक कुटुंबातील तान्ह्या बालकाच्या बाप्तिस्म्यापूर्वी जी तयारी अपेक्षित असते, तिचा ऐतिहासिक, विधिविषयक व व्यावहारिक अंगांनी परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बालकाला बोलता येत नाही, निवड करता येत नाही; म्हणून त्याच्या बाप्तिस्म्याची तयारी ही वस्तुतः त्याच्या भोवतीच्या प्रौढांची तयारी असते. १९६९ च्या सुधारित विधीने ही गोष्ट स्पष्ट केली. तथापि ‘बाप्तिस्मा लवकर व्हावा’ आणि ‘तो तयारीनिशी व्हावा’ या दोन अपेक्षांमधील ताण आजही कायम आहे. वसई परिसरातील मराठी भाषक कॅथलिक समाजाच्या संदर्भात या ताणाचा विचार येथे केला आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : बाप्तिस्मा, धर्मपिता, धर्ममाता, धर्मग्राम, कॅनन लॉ, वसई.

१. प्रस्तावना

‘बाप्तिस्मा’ हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाही. मात्र त्याच्याशी सामान्यतः दोनच कल्पना निगडित असतात. पहिली धर्मांतराची आणि दुसरी नामकरणाची. ख्रिस्ती कुटुंबातील बालकाच्या बाप्तिस्म्याला ‘ख्रिस्ती लोकांचे बारसे’ असे सहजपणे म्हटले जाते. या दोन्ही कल्पना अपुऱ्या आहेत. कॅथलिक घरात जन्मलेल्या बालकाच्या बाबतीत धर्मांतराचा प्रश्न उद्भवत नाही. तसेच बाप्तिस्म्याचा विधी सुरू होताना धर्मगुरू पालकांना प्रथम विचारतात, ते बालकाचे नाव कोणते ठेवले आहे हे. म्हणजे नाव आधीच ठेवलेले असते. विधीत ते उच्चारले जाते.

कॅथलिक श्रद्धेनुसार बाप्तिस्मा हा सात संस्कारांपैकी पहिला असून इतर सर्व संस्कारांचे प्रवेशद्वार मानला जातो. त्याने मनुष्य आदिपापातून मुक्त होतो, देवाचे अपत्य म्हणून नवा जन्म घेतो आणि चर्चचा घटक बनतो. हा संस्कार आयुष्यात एकदाच होतो. तो पुसला जात नाही आणि पुन्हा दिलाही जात नाही. इतक्या दूरगामी परिणामाची गोष्ट काही आठवड्यांच्या अर्भकाच्या बाबतीत घडते, तेव्हा ‘तयारी नेमकी कोणाची ?’ हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो.

येथील विवेचन लॅटिन परंपरेतील कॅथलिकांपुरते मर्यादित आहे. महाराष्ट्रात वास्तव्य करणाऱ्या सिरो-मलबार कॅथलिकांची विधिपरंपरा वेगळी आहे. तसेच बाप्टिस्ट व तत्सम काही प्रॉटेस्टंट पंथ अर्भकांना बाप्तिस्मा देतच नाहीत, हेही ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी : त्वरा आणि प्रतीक्षा

आरंभीच्या शतकांत बाप्तिस्मा घेणाऱ्यांत प्रौढांची संख्या मोठी होती. दीर्घकाळ शिकवण, प्रार्थना व उपवास झाल्यानंतर त्यांना हा संस्कार दिला जाई. तथापि बालकांनाही बाप्तिस्मा दिला जात असल्याचे प्राचीन पुरावे आहेत. हिप्पोलिटसच्या नावाशी जोडल्या गेलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या ग्रंथात, ज्या बालकांना बोलता येत नाही त्यांच्या वतीने आईवडिलांनी किंवा कुटुंबातील कोणी उत्तर द्यावे, असा निर्देश आढळतो.

याच काळात मतभेदही दिसून येतात. उत्तर आफ्रिकेतील तेर्तुलियन याने इ. स. २०० च्या सुमारास लिहिताना, लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नये असे मत मांडले. त्याच्या युक्तिवादातील एक मुद्दा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. मुलाच्या वतीने हमी घेणारी व्यक्ती मरण पावली अथवा मूल वेगळ्या मार्गाला लागले, तर दिलेले वचन पाळणे तिच्या हाती राहत नाही; ती व्यक्तीच धोक्यात येते, असे त्याचे म्हणणे होते. याउलट सुमारे अर्धशतकानंतर कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या सहकारी बिशपांनी, बाप्तिस्म्यासाठी जन्मानंतर आठव्या दिवसापर्यंतही थांबण्याचे कारण नाही, असा निर्णय दिला.

पुढे संत ऑगस्टीन यांच्या आदिपापविषयक चिंतनामुळे त्वरेच्या बाजूला बळ मिळाले. येथे एक विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे. स्वतः ऑगस्टीन यांचा बाप्तिस्मा बालपणी झाला नव्हता. लहानपणीच्या आजारात तो होण्याच्या बेतात असतानाच बरे वाटल्याने लांबणीवर पडला आणि अखेर ३८७ मध्ये मिलान येथे बिशप अँब्रोज यांच्या हस्ते झाला. मध्ययुगात बालमृत्यूचे भय मोठे होते. बाप्तिस्म्याविना दगावलेल्या बालकाचे पारलौकिक भवितव्य काय, या चिंतेने पालक ग्रासलेले असत. १४४२ मध्ये फ्लॉरेन्स परिषदेने बालकांचा बाप्तिस्मा चाळीस किंवा ऐंशी दिवस लांबवू नये असे सांगितले. १९१७ च्या विधिसंहितेनेही तो शक्य तितक्या लवकर व्हावा असाच दंडक घातला.

या त्वरेचा एक परिणाम असा झाला की, तयारीला अवकाशच उरला नाही. बाळंतीण घराबाहेर पडण्यापूर्वीच बाळाला चर्चमध्ये नेले जाई आणि आई त्या प्रसंगी अनेकदा अनुपस्थित असे. बालकाला हाती धरण्याची व उत्तरे देण्याची जबाबदारी धर्ममातापित्यांवर येई.

बाप्तिस्म्याविना मृत्यू पावलेल्या बालकांविषयीची ही चिंता चर्चच्या विचारात कालांतराने सौम्य झाली. आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्रीय आयोगाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशा बालकांच्या तारणाची आशा बाळगण्यास गंभीर धर्मशास्त्रीय आधार आहेत, असे प्रतिपादन केले. मात्र त्यामुळे बाप्तिस्म्याची आवश्यकता कमी होत नाही किंवा विलंबाचे समर्थन होत नाही, हेही आयोगाने स्पष्ट केले.

३. १९६९ चा विधी : उत्तर कोण देतो ?

१६१४ च्या रोमन विधिग्रंथानुसार धर्मगुरू प्रश्न विचारीत ते प्रत्यक्ष बालकाला, त्याचे नाव घेऊन. सैतानाचा त्याग करतोस का, श्रद्धा ठेवतोस का, अशा प्रश्नांची उत्तरे धर्ममातापिता बालकाच्या वतीने प्रथमपुरुषी एकवचनात देत. जणू बालकच बोलत आहे असे गृहीत धरले जाई. हा विधी मुळात प्रौढांसाठी घडलेला होता; तो संक्षिप्त करून बालकांना लावलेला होता.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान संमत केले. त्यात बालकांच्या बाप्तिस्म्याचा विधी त्यांच्या वास्तव स्थितीला अनुरूप असावा आणि पालक व धर्ममातापित्यांची भूमिका त्यातून अधिक स्पष्ट व्हावी, अशी अपेक्षा व्यक्त झाली. त्यानुसार १९६९ मध्ये बालकांसाठी स्वतंत्रपणे रचलेला विधी प्रसिद्ध झाला. या विधीत प्रश्न पालकांना व धर्ममातापित्यांना विचारले जातात आणि उत्तरे त्यांनी स्वतःच्या श्रद्धेविषयी द्यावयाची असतात. आईवडिलांनी बालकाला धर्मात वाढविण्याचे कर्तव्य समजून घेतले आहे काय, हे विधीच्या आरंभीच विचारले जाते. धर्ममातापिता त्यांना साहाय्य करण्यास सिद्ध आहेत काय, हा त्यापुढील प्रश्न असतो.

वरवर पाहता हा बदल व्याकरणातील वाटतो; परंतु पूर्वतयारीच्या दृष्टीने तो निर्णायक आहे. दुसऱ्याच्या वतीने पाठ केलेली उत्तरे देण्यासाठी फारशी तयारी लागत नाही. स्वतःच्या श्रद्धेविषयी जाहीर उत्तर द्यावयाचे असेल तर त्या श्रद्धेचा विचार आधी करावा लागतो. बाप्तिस्मापूर्व मार्गदर्शनाची आवश्यकता येथून निर्माण होते.

४. पूर्वतयारीचे टप्पे

१९८३ मध्ये जाहीर झालेल्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या विधिसंहितेत, या तयारीची रूपरेषा आढळते. तिचे प्रमुख टप्पे पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) धर्मग्रामाशी संपर्क : कलम ८६७ नुसार बालकाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत व्हावा यासाठी पालकांनी दक्ष असावे; त्यासाठी जन्मानंतर लवकरात लवकर, किंबहुना जन्मापूर्वीही, आपल्या धर्मगुरूंकडे जावे. म्हणजे गर्भारपणाचा काळ हाच तयारीचा स्वाभाविक काळ ठरतो. बाप्तिस्मा सामान्यतः पालकांच्या धर्मग्रामातील चर्चमध्ये व्हावा अशी अपेक्षा आहे. उचित कारण असल्यास तो अन्यत्र होऊ शकतो. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रूढी असलेल्या समाजात हा प्रश्न नेहमी उपस्थित होतो. अशा वेळी दोन्ही ठिकाणच्या धर्मगुरूंशी आधी बोलणे सोयीचे ठरते.

(आ) मार्गदर्शन : कलम ८५१ नुसार पालकांना आणि धर्ममातापित्यांना संस्काराचा अर्थ व त्यातून येणारी कर्तव्ये नीट समजावून देणे ही धर्मगुरूंची जबाबदारी आहे. अनेक कुटुंबांना एकत्र बोलावून, सामुदायिक प्रार्थनेच्या द्वारे, आणि शक्य असेल तेथे घरी भेट देऊन हे मार्गदर्शन व्हावे, असे तेथे सुचविले आहे. यातील गृहभेटीची सूचना अर्थपूर्ण आहे. मूल वाढणार आहे ते घरात; म्हणून तयारीनेही घराचा उंबरठा ओलांडला पाहिजे, हे त्यामागचे सूत्र दिसते.

(इ) धर्ममातापित्यांची निवड : बालकासाठी एक धर्मपिता, किंवा एक धर्ममाता, किंवा दोघे मिळून एक जोडी, असे पर्याय आहेत. निवडलेल्या व्यक्तीने सोळा वर्षे पूर्ण केलेली असावीत. ती कॅथलिक असावी, तिला दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद हे संस्कार मिळालेले असावेत आणि तिचे आचरण श्रद्धेशी सुसंगत असावे. बालकाचे आईवडील स्वतः ही भूमिका घेऊ शकत नाहीत. अन्य पंथातील बाप्तिस्मा झालेली व्यक्ती कॅथलिक धर्मपिता अथवा धर्ममातेच्या सोबत साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. ख्रिस्तेतर स्नेही समारंभास अर्थातच उपस्थित राहू शकतात. पण श्रद्धेची कबुली देण्याची ही भूमिका त्यांच्यावर सोपविता येत नाही.

या नात्याला पूर्वी मोठे वजन होते. १९१७ च्या संहितेनुसार धर्मपिता अथवा धर्ममाता आणि बाप्तिस्मा घेणारी व्यक्ती यांच्यात आध्यात्मिक नाते निर्माण होई व ते त्यांच्या परस्पर विवाहास प्रतिबंधक ठरे. १९८३ च्या संहितेत हा प्रतिबंध राहिला नाही. पोर्तुगीज अमलाखालील प्रदेशात नवख्रिस्ती व्यक्तीने धर्मपित्याचे आडनाव स्वीकारल्याचीही उदाहरणे आहेत. आज मात्र ही निवड पुष्कळदा मानपानाच्या विचाराने होते. कोणत्या मामाला मान द्यावयाचा, कोणत्या आत्येला दुखवायचे नाही, याला प्राधान्य मिळते. ही अडचण सार्वत्रिक आहे. इटलीतील सिसिली बेटावरील कातानिया धर्मप्रांताने तर, ही भूमिका सामाजिक उपचारापुरती उरली आहे या कारणास्तव, ऑक्टोबर २०२१ पासून तीन वर्षांसाठी धर्ममातापिता नेमण्याची प्रथाच स्थगित केली होती.

(ई) नाव : १९१७ च्या संहितेनुसार बालकाला ख्रिस्ती नाव देणे अपेक्षित होते, पालकांनी ते मान्य न केल्यास धर्मगुरूंनी एखाद्या संताचे नाव त्यास जोडून दोन्हींची नोंद करावयाची असे. १९८३ च्या संहितेत ख्रिस्ती भावनेस विसंगत नाव नसावे, एवढीच अपेक्षा उरली आहे. त्यामुळे भारतीय भाषांतील नावांना मार्ग मोकळा झाला आहे.

(उ) नोंद : बाप्तिस्म्यानंतर बालकाचे, आईवडिलांचे, धर्ममातापित्यांचे आणि विधी करणाऱ्याचे नाव, तसेच स्थळ व दिनांक यांची धर्मग्रामाच्या नोंदवहीत नोंद केली जाते. पुढे दृढीकरण, विवाह यांसारख्या घटना याच नोंदीपुढे लिहिल्या जातात. यामुळे नावांची अचूकता विधीपूर्वीच तपासून घेणे अगत्याचे ठरते.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. बालकाच्या जिवाला धोका असेल, तर तयारीची कोणतीही अट उरत नाही. अशा वेळी योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती, अगदी ख्रिस्ती नसलेली परिचारिकाही, बालकाच्या मस्तकावर पाणी ओतून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. मूल वाचल्यास उर्वरित विधी पुढे चर्चमध्ये पूर्ण केले जातात. बाप्तिस्मा मात्र पुन्हा दिला जात नाही.

५. विधीतील प्रतीके आणि त्यांचा पालकांशी संबंध

मार्गदर्शनात विधीची ओळख करून देणे महत्त्वाचे असते, कारण त्यातील प्रत्येक कृतीत पालकांना स्थान आहे. विधीचा आरंभ चर्चच्या दाराशी होतो. धर्मगुरू, आणि त्यांच्यामागून पालक व धर्ममातापिता, बालकाच्या कपाळावर क्रुसाची खूण करतात. त्यानंतर शास्त्रवाचन व प्रार्थना होतात आणि बालकाच्या छातीवर तेल लावले जाते. बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी पालक व धर्ममातापिता पापाचा त्याग करून आपली श्रद्धा प्रकट करतात. त्यानंतर बालकावर तीनदा पाणी ओतले जाते अथवा त्यास तीनदा पाण्यात बुडविले जाते.

यापुढील तीन कृती स्पष्टीकरणात्मक आहेत. क्रिझम नावाच्या सुगंधी तेलाने बालकाच्या माथ्यावर अभ्यंग केले जाते. ख्रिस्ताच्या याजकीय व राजेपणाच्या कार्यात तो सहभागी झाला, हा त्याचा अर्थ. नंतर शुभ्र वस्त्र दिले जाते. शेवटी पुनरुत्थानाच्या मोठ्या मेणबत्तीवरून बालकाची मेणबत्ती पेटविली जाते. ती पेटवितो तो बालकाचा पिता किंवा धर्ममातापित्यांपैकी एक. कारण ती ज्योत तेवत ठेवण्याचे काम प्रौढांवर सोपविलेले आहे. समारोपास आईला व वडिलांना स्वतंत्र आशीर्वाद दिले जातात. आईची अनुपस्थिती जवळजवळ गृहीत धरणाऱ्या जुन्या रीतीशी तुलना केल्यास या आशीर्वादाचे महत्त्व लक्षात येते.

विधीतील शब्दांबाबत चर्च किती काटेकोर आहे, याचे उदाहरण अलीकडचे आहे. विधी अधिक सामुदायिक वाटावा म्हणून काही ठिकाणी ‘मी’ ऐवजी ‘आम्ही’ बाप्तिस्मा देतो असे म्हटले जाऊ लागले होते. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने असा बाप्तिस्मा अवैध असल्याचे जाहीर केले. कुटुंबाचा सहभाग महत्त्वाचा असला तरी संस्कार देणारा ख्रिस्त आहे, कुटुंब नव्हे, ही त्यामागील भूमिका होय.

६. वसईच्या मराठी भाषक समाजाचा संदर्भ

वसईचा प्रदेश १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतरही तेथील कॅथलिक समाज टिकून राहिला. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. सामवेदी, वाडवळ इत्यादी समाजांच्या बोली घरात आणि प्रमाण मराठी उपासनेत, असे या समाजाचे भाषिक चित्र आहे.

मराठीतून ख्रिस्ती शिकवण देण्याची परंपरा जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे मुद्रित झाले. ज्यांचा बाप्तिस्मा आधीच झालेला आहे, त्यांना आपल्या भाषेत श्रद्धेचा आशय मिळावा, ही त्यामागील प्रेरणा होती. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर, बाप्तिस्मा आधी व समज नंतर, या क्रमातून निर्माण होणारी उणीव भरून काढण्याचा तो प्रयत्न होता. आधुनिक काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने हेच कार्य वेगळ्या स्वरूपात पुढे नेले.

आज प्रश्नाचे रूप बदलले आहे. आजीच्या प्रार्थना मराठीत किंवा बोलीत, आईवडिलांचे व्यवहार मराठी-इंग्रजीत आणि मुलाचे शिक्षण इंग्रजी माध्यमात, अशी स्थिती अनेक घरांत असते. मुलाला पहिली प्रार्थना कोणत्या भाषेत शिकवावयाची, हा साधा वाटणारा निर्णयही बाप्तिस्म्याच्या तयारीचाच भाग ठरतो. शिवाय विभक्त कुटुंबपद्धतीत, पूर्वी आजी-आजोबांकडून आपोआप होणारे संस्कार आता आईवडिलांना जाणीवपूर्वक करावे लागतात. आंतरधर्मीय विवाहांत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. अशा विवाहास परवानगी देताना, मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढविण्यासाठी आपल्या परीने सर्व प्रयत्न करण्याचे वचन कॅथलिक जोडीदाराकडून घेतले जाते आणि दुसऱ्या जोडीदारास त्याची कल्पना दिली जाते. बाळ जन्मल्यावर या वचनाचा विचार करण्यापेक्षा तो आधीच झालेला असणे उभयतांच्या हिताचे असते.

७. विलंबाचा प्रश्न

पालकांची तयारी नसेल तर काय करावे ? कलम ८६८ नुसार आईवडिलांपैकी किमान एकाची, अथवा त्यांच्या जागी असलेल्या व्यक्तीची संमती हवी. तसेच बालक कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा असावी. अशी आशा मुळीच नसेल, तर पालकांना कारण समजावून सांगून बाप्तिस्मा पुढे ढकलावा, असे ते कलम सांगते. १९८० मध्ये श्रद्धाविषयक धर्मसभेने दिलेल्या मार्गदर्शनात या विलंबाचे स्वरूप स्पष्ट केलेले आहे. तो दबावाचे साधन नाही आणि भेदभावही नाही; त्या काळात कुटुंबाला श्रद्धेत वाढण्यास मदत करणे अभिप्रेत आहे. तसेच आजी, धर्ममाता किंवा श्रद्धावान समुदाय यांपैकी कोणाकडून आश्वासन मिळत असेल, तर तेही पुरेसे मानता येते.

प्रत्यक्षात या तरतुदीचा वापर दोन टोकांनी होऊ शकतो. एक टोक असे की, कागदपत्रे व देणगी यांपलीकडे काहीच विचारले जात नाही. दुसरे टोक असे की, आईवडिलांच्या जीवनातील एखाद्या उणिवेसाठी बालकाला दारातच थांबविले जाते. पोप फ्रान्सिस यांनी या दुसऱ्या टोकावर सातत्याने टीका केली. अविवाहित मातांच्या मुलांना बाप्तिस्मा नाकारणाऱ्या धर्मगुरूंवर त्यांनी पोप होण्यापूर्वीच कठोर शब्दांत आक्षेप घेतला होता. जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी सिस्टाइन चॅपलमध्ये, केवळ नागरी पद्धतीने विवाह केलेल्या दांपत्याच्या मुलीलाही बाप्तिस्मा दिला.

वरील विवेचनावरून असे दिसते की, तयारीचे मार्गदर्शन ही उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरविणारी परीक्षा होऊ शकत नाही. ‘साधार आशा’ हा शब्दप्रयोगच पुरेसा बोलका आहे. आशा ही सिद्धतेहून कमी असते, पण औपचारिकतेहून अधिक असते.

८. निष्कर्ष

बाप्तिस्म्याला लवकर नेण्याची आणि तयारीनिशी नेण्याची, अशा दोन्ही मागण्यांच्या मुळाशी बालकाचे हित आहे. पहिली मागणी बालकाला देवाच्या देणगीपासून वंचित ठेवू नये असे सांगते. दुसरी मागणी ती देणगी पुढे वाऱ्यावर सोडली जाऊ नये असे सांगते. या दोन्ही मागण्या एकाच वेळी पूर्ण करण्याचा मार्ग १९८३ च्या संहितेने सुचविलेला आहे : तयारीचा आरंभ जन्मापूर्वीच करावा. तसे झाल्यास बाळाला थांबावे लागत नाही आणि पालकांनाही विचारास अवधी मिळतो.

झबले, मेणबत्ती, जेवणावळ आणि छायाचित्रे यांची तयारी चार दिवसांत होते. विधीत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना स्वतःच्या मनाने उत्तर देण्याची तयारी व्हायला अधिक काळ लागतो आणि ती बाप्तिस्म्याच्या दिवशी संपतही नाही. तेर्तुलियनने अठराशे वर्षांपूर्वी जी शंका काढली, ती अजून फिटलेली नाही : मुलाच्या वतीने दिलेले वचन कोण निभावणार ? चर्चने त्या शंकेपायी बालकांचा बाप्तिस्मा थांबविला नाही. वचन देणाऱ्यांना ते वचन समजावून देण्याचा मार्ग पत्करला. धर्मग्रामातील पूर्वतयारी ही त्या मार्गावरील पहिली, आणि कदाचित सर्वांत दुर्लक्षित, पायरी होय.